या आठवड्यात वर्गात काय चाललंय, आणि तिसरीची वही घरी का खोडू नये

शिकवणी वर्ग, इयत्ता पहिली ते चौथी
पालकांसाठी माहितीपत्रक: सोलापूरच्या गड्डा यात्रेनंतरचा आठवडा

पालकहो,

संध्याकाळी मुलांना न्यायला आलात की दारातच विचारता, "बाई, सध्या काय चाललंय?" घरी मुलाला विचारलं तर तो "काही नाही" म्हणतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्या वेळी एक बॅच सुटत असते, दुसरी आत येत असते आणि चपलांच्या ढिगाशी उभं राहून नीट सांगणं होत नाही. म्हणून हे पत्रक दर सोमवारी दप्तरातून येतं. ते दप्तरातच राहू देऊ नका.

पहिलीला वेलांट्या चालू आहेत. पहिली की दुसरी, यात मुलं चुकणारच. सध्या घरी रोज पाच ओळी मोठ्यानं वाचून घ्या, लिहून घेण्याची घाई नको.

चौथीला परिसर अभ्यासात शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक आहे. ६ जून १६७४, रायगड, एवढं सगळ्यांना पाठ आहे. आम्ही मुलांना विचारलं, २०२४ साली ३५० वर्षं झाली असं सगळीकडे लिहिलेलं होतं, ते कसं काढलं असेल? अर्ध्या वर्गानं लगेच वहीत वजाबाकी मांडली. इतिहासाच्या तासाला गणित कशाला, असं कुणाला वाटेल, पण सनावळी अशीच डोक्यात बसते.

दुसरीला शंभरपर्यंतच्या संख्या ऐकून लिहिणं चालू आहे. 'सत्तावीस' म्हटलं की काही मुलं ७२ लिहितात. ही मुलं ढ नाहीत. मराठीत आपण आधी सात बोलतो, मग वीस, आणि लिहिताना आधी २ येतो. 'एकोणचाळीस' ऐकून ४९ लिहिणारं मूलही शब्दात चाळीस ऐकतंय, म्हणून ४ लिहितंय. शहराच्या पूर्वभागातून येणाऱ्या मुलांच्या घरी तेलुगू असते. तिथे २७ ला 'इरवै एडु', म्हणजे वीस-सात. कन्नडमध्येही 'इप्पत्तेळु', आधी वीसच. या मुलांना मराठीचा उलटा क्रम अंगवळणी पडायला आणखी थोडे दिवस लागतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की जोडाक्षरांची संख्यानामं लहान मुलांना जड जातात. मला ते तेव्हाही पटलं होतं. आमच्याकडे दोन्ही चालतं: आधी 'वीस सात' म्हणून काड्या मांडायच्या, मग 'सत्तावीस' म्हणायचं. बाजारात भाजीवाली सत्तावीसच म्हणणार आहे, त्यामुळे ते यायलाच हवं. घरी मुलानं 'वीस सात' म्हटलं तर रागावू नका.

आता तिसरी. हे पत्रक खरं तर तिसरीच्या पालकांसाठी आहे.

तिसरीला हातच्याची वजाबाकी चालू आहे. ५२ वजा २७. उत्तर २५. वह्या घरी जातात आणि सकाळी परत येतात तेव्हा त्यातल्या काहींत सगळी उत्तरं बरोबर असतात आणि कागद खोडून खोडून पातळ झालेला असतो. काही ठिकाणी अक्षरही मोठ्या माणसाचं असतं. मुलाला बोलणी बसू नयेत म्हणून तुम्ही हे करता, त्यामागची माया दिसते. पण त्यामुळे आमचा आणि मुलाचा फार वेळ जातो. कसा, ते सांगते.

मुलानं १५ लिहिलं असेल तर मला ताबडतोब कळतं की घरी आजोबांनी शिकवलंय. जुन्या पद्धतीत वरच्या दोनाचे बारा करायचे आणि हातचा १ खालच्या दोनात मिळवायचा, म्हणजे ५ वजा ३. आमच्या आणि पुस्तकाच्या पद्धतीत वरच्या ५ दशकांतला एक सुट्टा करायचा, ४ उरतात, मग ४ वजा २. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. मूल दोन्ही एकदम करतं: वरचे पाच कापून चार करतं, खालच्या दोनाचे तीनही करतं. ४ वजा ३, एक. उत्तर १५.

७९ लिहिलं असेल तर त्यानं बेरीज केलीय, चिन्हाकडे बघितलेलं नाही. हे दोन मिनिटांत सुटतं.

आणि ३५. हे सर्वांत जास्त येतं, आणि इथेच आम्हाला मुलानं बाजूला केलेलं कच्चं काम बघावं लागतं. एक मूल म्हणतं, दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवतो: पाच. पाचातून दोन: तीन. दुसरं मूल दशक सुट्टा करून बारातून सात बरोबर घालवतं, पण वरचे पाच कापून चार करायला विसरतं. दोघांचंही उत्तर ३५. पहिल्याला वजाबाकी म्हणजे काय हेच अजून उमगलेलं नाही, त्याला काड्यांपाशी परत न्यावं लागतं. दुसऱ्याला सगळं येतं, फक्त एक पायरी सुटली. दोनाच्या डोक्यावर बारीकसा १ लिहिलेला आहे की नाही, एवढ्यावरून आम्ही ओळखतो. तो १ तुम्ही खोडलात की आमच्या हातात काहीच राहत नाही.

गेल्या वर्षी एका मुलीची वही आठ दिवस बिनचूक येत होती. आम्ही तिला पुढच्या गणितांवर नेलं: ४०२ वजा १५६. इथे दशकाच्या घरात शून्य, म्हणजे आधी शतक सुट्टं करायचं, मग दशक. तिला काहीच जमेना, ती रडायला लागली. फळ्यावर ५२ वजा २७ दिलं तर ३५. रोज रात्री आई वही नीट करून देत होती. तिथून मागे येऊन पुन्हा उभं राहायला त्या मुलीला दोन आठवडे लागले. खरं तर चूक आमचीही होती, आम्ही नुसत्या वहीवर विश्वास ठेवायला नको होता. तेव्हापासून तिसरीचं मूल दर बुधवारी एक गणित फळ्यावर, बोलत बोलत सोडवतं.

एका वडिलांनी विचारलं, "दुसरीकडे वजाबाकी चार दिवसांत होते, तुमच्याकडे दोन आठवडे कशाला?" कारण पहिले तीन दिवस आम्ही पेन्सिल हातात देतच नाही. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या. त्यातून सत्तावीस काढून दे. मूल आधी गोंधळतं, मग आपणहून एका गठ्ठ्याचं रबर काढतं. ते रबर काढणं म्हणजेच हातचा. ज्यानं ते हातानं केलंय त्याला ४०२ मधलं शून्य घाबरवत नाही. एका बॅचला बाराच मुलं घेतो तेही एवढ्यासाठीच. प्रत्येकाचं कच्चं काम वाचायला वेळ लागतो. फी थोडी जास्त वाटते, पण ती त्या वेळेची आहे.

घरी चूक दिसली तर खोडू नका. गणिताशेजारी पेन्सिलीनं एक टिंब द्या आणि मुलाला विचारा, "हे कसं केलंस, मला सांग." ऐकून घ्या. बऱ्याचदा सांगता सांगता त्यालाच कळतं. नाही कळलं तर आम्ही आहोत. चुकीवर आम्ही लाल फुली मारत नाही आणि कुणाला उभं करत नाही, त्यामुळे मुलाला वाचवायची गरज नाही. आजोबांनी त्यांची पद्धत जरूर दाखवावी, पण महिनाभरानं. तेव्हा मुलांना ती जादूसारखी वाटते.

काड्यांचा संच, म्हणजे शंभर काड्या आणि दहा रबरं, आमच्याकडे ८० रुपयांना मिळतो. खराट्याच्या काड्या सारख्या मापानं तोडल्यात तरी काम तेच होतं. शनिवारी पाच ते सहा पालकांसाठी तास ठेवलाय, त्याची वेगळी फी नाही. हातचा आम्ही कसा शिकवतो ते बसून बघा, आजी-आजोबांनाही आणा. धाकट्या भावंडाला जूनपासून घालायचं असेल तर मार्चअखेर सांगा, जागा मोजक्याच असतात.

तिसरीच्या मुलांनी उद्यापासून चौकटीची वही आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली आणायच्या. खोडरबर घरी ठेवायचं. चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी पुन्हा लिहायचं, हे मुलांना सांगितलंय. शुक्रवारी वही घरी येईल ती अशा रेघांनी भरलेली असेल. बघा, सही करा आणि तशीच परत पाठवा.