पोलीस भरतीला उतरताय? ग्राउंडसोबत कागदांचीपण तयारी करा

पालिकेच्या सभेत अतिक्रमणाचा विषय निघाला की बरेचदा उत्तर मिळतं की पोलीस बंदोबस्त मिळाला नाही म्हणून कारवाई पुढे ढकलली. मग नगरसेवक म्हणतात शहराला पोलीस वाढवून द्या, पण शिपाई भरणं पालिकेच्या हातात नाहीच, ते गृह विभागाचं काम, पालिका फार तर ठराव करून शासनाला पाठवते. मुंबईत २०२३ ला माणसं इतकी कमी पडली की राज्य सुरक्षा महामंडळाचे ३,००० जवान तात्पुरते घ्यायचा निर्णय झाला. खरा उपाय भरतीच आहे. २०२५ मध्ये १५,६३१ पदांना मंजुरी मिळाली, ज्यांचं त्यात राहिलं किंवा जे पुढच्या जाहिरातीची वाट बघतायत त्यांच्यासाठी हे लिहितेय.

शिपाई पदाला बारावी पास लागतं. वय खुल्या गटाला १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. उंची मुलांना १६५ सेंमी, मुलींना १५५, मुलांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून किमान ५ सेंमी जास्त भरली पाहिजे. एसआरपीएफ (राज्य राखीव पोलीस दल) आणि चालक पदाचे नियम थोडे वेगळे आहेत, ते त्या त्या जाहिरातीतच बघा. अर्ज ऑनलाईन असतो, आणि एका पदासाठी एकाच घटकात, म्हणजे एकाच जिल्ह्याच्या किंवा शहराच्या पोलीस दलात भरायचा, दोन जिल्ह्यांत शिपाई पदाचाच फॉर्म टाकला तर बाद होण्याची भीती असते, त्यामुळे जिल्हा नीट विचार करून निवडा.

आधी ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी होते, ५० मार्कांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. त्यात निम्मे मार्क पडले तरच पुढे विचार होतो, आणि तिथूनही प्रवर्गातल्या जागांच्या दहापट पोरंच लेखीला बोलावतात, म्हणजे नुसते २५ मार्क घेऊन भागत नाही. लेखी १०० मार्कांची, दीड तास, गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण.

आता कागद. दहावी बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, आधार, फोटो हे सगळ्यांना माहीत असतं. घोळ होतो तो नॉन क्रिमीलेअरमध्ये, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याच्या दाखल्यात. ओबीसी, विजाभज (विमुक्त जाती, भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) या सगळ्यांना ते लागतं आणि जाहिरातीत दिलेल्या तारखेला ते चालू असलं पाहिजे. आमच्या गल्लीतला एक पोरगा दोन वर्षं पहाटे चारला उठून पळत होता, ग्राउंडला मार्कपण चांगले पडले, पण दाखल्याची मुदत संपलेली होती आणि पडताळणीच्या टेबलावर त्याचं आरक्षण गेलं. त्याच्या आईचं रडणं मी बघितलंय म्हणून पोटतिडकीने सांगतेय, दाखला आत्ता काढून बघा. खुल्या गटातल्या मुलींना महिला आरक्षणासाठी नॉन क्रिमीलेअरची अट २०२३ च्या निर्णयाने काढलीये, सेतूवाला काहीही म्हणो, उगाच चकरा मारू नका. ईडब्ल्यूएसमधून, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकातून भरणार असाल तर त्याचंपण सर्टिफिकेट चालू वर्षाचं आहे का बघा.

जात वैधतेला (व्हॅलिडिटी) जात पडताळणी समितीकडे महिनोन् महिने जातात, वडील किंवा काकांची व्हॅलिडिटी झालेली असेल तर तिची प्रत जोडा, काम बरंच सोपं होतं. होमगार्डमधून भरणाऱ्यांनी तीन वर्षं सेवेचं प्रमाणपत्र, खेळाडूंनी क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, माजी सैनिक यांनी आपापला दाखला फॉर्म भरायच्या आधीच हातात ठेवावा, कारण फॉर्ममध्ये टिक केलं आणि कागद नसला की ते आरक्षण मिळत नाही. लग्न झालेल्यांनी लहान कुटुंबाची अटपण बघून घ्या, २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यं दोनपेक्षा जास्त झाली तर अडचण आहे.

आणि नावाचं स्पेलिंग. दहावीच्या मार्कशीटवर एक, आधारवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव अर्धवट, असं असेल तर ते आजच दुरुस्तीला टाका, लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी गॅझेट किंवा विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा.