फ्रान्सचे वेल्डर कुठे गेले?

२०२२ च्या ऑगस्टअखेर फ्रान्समधील ५६ अणुभट्ट्यांपैकी ३२ बंद होत्या. काही नेहमीच्या देखभालीसाठी थांबवलेल्या होत्या, परंतु डझनभर भट्ट्यांच्या बंद राहण्यामागे निराळे कारण होते. २०२१ च्या अखेरीस सिव्हो येथील एका भट्टीच्या दहा वर्षांनी होणाऱ्या तपासणीत, आणीबाणीच्या वेळी भट्टीत थंड पाणी सोडणाऱ्या पाइपांना जोडांजवळ बारीक तडे गेल्याचे आढळले होते आणि तसेच तडे इतरत्रही असण्याची शक्यता होती. सतत ताणाखाली असलेल्या पोलादाला गरम पाण्याच्या सान्निध्यात गंज लागून असे तडे जातात. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे पाइपचा तेवढा तुकडा कापून काढायचा आणि नवा जोडायचा. पोलाद होते, आराखडे होते, पैसाही उभा करता आला असता. कमतरता होती ती वेल्डरांची. अखेर अमेरिका आणि कॅनडामधून सुमारे शंभर वेल्डर बोलवावे लागले. त्या वर्षी देशाची अणुवीज २७९ अब्ज युनिटांवर आली. १९८८ नंतरचे हे सर्वांत कमी उत्पादन होते.

ज्या देशाने जगात सर्वांत झपाट्याने अणुभट्ट्या उभारल्या, त्याच देशावर ही वेळ यावी, याचे उत्तर त्या झपाट्यातच आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर, मार्च १९७४ मध्ये पंतप्रधान पिएर मेसमेर यांनी अणुविजेचा मोठा कार्यक्रम जाहीर केला आणि १९७७ ते १९९९ या काळात या पिढीच्या ५८ भट्ट्या वीजजाळ्याला जोडल्या गेल्या. त्यासाठी हजारो फिटर, वेल्डर, तपासनीस आणि अभियंते जवळपास एकाच वेळी, एकाच वयोगटातून भरती झाले. एकदम भरती झालेली माणसे निवृत्तही एकदमच होतात. १९८३ पासून फ्रान्समध्ये निवृत्तीचे वय साठ-बासष्टच्या आसपास होते, त्यामुळे सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस पंचविशीत लागलेला कामगार २०१० नंतरच्या काही वर्षांत घरी गेला. लोकसंख्याशास्त्राच्या दृष्टीने यात अनपेक्षित काहीही नव्हते. कोण कधी निवृत्त होणार, हे भरतीच्या दिवशीच ठाऊक असते.

खरे नुकसान निवृत्तीने झाले नाही, ते मधल्या खंडाने झाले. या मालिकेतील शेवटच्या भट्टीचे, म्हणजे सिव्होच्या दुसऱ्या भट्टीचे बांधकाम १९९१ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतरच्या फ्लामांव्हिल येथील नव्या भट्टीचे थेट डिसेंबर २००७ मध्ये. या सोळा वर्षांत जुने हात आणि नवे हात एकाच कामावर एकत्र आले नाहीत. वेल्डिंगचे कसब हस्तांतरित होते ते तिथेच.

हे कसब पुस्तकात का मावत नाही, ते पाहू. जाड पाइपच्या जोडाची पहिली शिवण, म्हणजे रूट पास, बहुधा आर्गॉन वेल्डिंगने घालतात. टंगस्टनच्या टोकाशी पेटलेल्या विद्युतज्योतीखाली धातूचे छोटे डबके तयार होते, आणि त्याची चमक, रुंदी आणि काठाची थरथर पाहून वेल्डर आत पुरेसा वितळ झाला की नाही, हे ठरवतो. हात जरा रेंगाळला तर धातू आत लोंबतो आणि घाईने पुढे सरकला तर कडा एकजीव होत नाहीत. पाइप भिंतीला लागून असेल तर मागचा भाग आरशात पाहून जोडावा लागतो आणि तेव्हा हाताची दिशा डोळ्यांना उलटी दिसते. त्यावर रॉडने एकेक थर भरताना आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे हायड्रोजन. रॉडच्या आवरणात मुरलेली ओल ज्योतीत फुटून हायड्रोजन धातूत शिरतो आणि जोड थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, आतून तडा जातो. म्हणूनच रॉड भट्टीत भाजून कोरडे ठेवतात आणि पाइपही आधी तापवून घेतात. पावसाळ्यात कोकणात काम केलेल्या वेल्डराला ही गोष्ट कोणी समजावून सांगावी लागत नाही. नियमावलीत तापमान लिहिलेले असते. डबके ‘बिघडायला लागले’ हे ओळखण्याची नजर मात्र अनुभवी माणसाशेजारी उभे राहूनच येते.

फ्लामांव्हिलची भट्टी २०१२ मध्ये सुरू व्हायची होती. ती वीजजाळ्याला जोडली गेली २१ डिसेंबर २०२४ रोजी, आणि मूळ ३.३ अब्ज युरोंचा खर्च ईडीएफ या तिथल्या वीज कंपनीच्याच अंदाजानुसार १३.२ अब्जांवर गेला. मुख्य वाफवाहिन्यांवरील आठ जोड भट्टीच्या दोन संरक्षक भिंतींच्या मधल्या अरुंद जागेत होते; ते दोषपूर्ण ठरले आणि २०१९ मध्ये नियामक संस्थेने ते पुन्हा करायला लावले. माणूस पोहोचणे अवघड असल्याने त्यासाठी दूरनियंत्रित यंत्रे तयार करावी लागली. येथे केवळ वेल्डरांना दोष देणे अन्यायाचे होईल. या जोडांसाठी ठरवलेली अधिक कडक गुणवत्ता कंत्राटदारापर्यंत नीट पोहोचलीच नव्हती आणि तपासणीतही दोष वेळीच पकडले गेले नव्हते. ऑक्टोबर २०१९ मध्ये पेजो या मोटार कंपनीचे माजी प्रमुख ज्याँ-मार्तां फोल्झ यांनी या रखडलेल्या प्रकल्पावर सरकारला दिलेल्या अहवालातही कौशल्ये सर्वच पातळ्यांवर ओसरल्याचे म्हटले होते. त्याच आराखड्याची भट्टी चीनमधील ताइशान येथे २००९ मध्ये बांधायला घेतली गेली आणि २०१८ च्या अखेरीस कामाला लागली. तिलाही उशीर झालाच, पण माझ्या मते फरक पडला तो चीनमध्ये त्या काळात एकामागून एक भट्ट्या उभ्या राहत होत्या म्हणून.

अणुभट्टीवरील टंचाईला एक खास बाजू आहे, जी इतर उद्योगांत नसते. कामगाराला वर्षभरात किती किरणोत्सर्ग चालेल, याची कायदेशीर मर्यादा फ्रान्समध्ये २० मिलिसीव्हर्ट आहे. निष्णात वेल्डरने ती मर्यादा गाठली की त्याला त्या भागातून बाहेर काढावेच लागते, म्हणजे एकाच जोडासाठी तोडीस तोड अशी अनेक माणसे हाताशी हवीत. शिवाय प्रमाणपत्रालाही मुदत असते: प्रचलित आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एखाद्या पद्धतीने सहा महिने काम केले नाही, तर त्या पद्धतीची पात्रता संपते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी बेलफोर येथे सहा नव्या भट्ट्या जाहीर केल्या. सुमारे २ लाख २० हजार लोकांच्या या उद्योगाला दहा वर्षांत जवळपास १ लाख माणसे घ्यावी लागतील, असा उद्योगाचाच हिशेब आहे. त्याच वर्षी शेर्बूरला अणुवीज आणि जहाजबांधणी कंपन्यांनी मिळून वेल्डिंगची खास शाळा काढली. उमेदवारांनी रांगा लावाव्यात अशी ही परिस्थिती वाटते, पण तरुण बिचकतात, आणि मला ते बिचकणे समजण्यासारखे वाटते. फुकुशिमानंतर याच देशाने अणुविजेचा वाटा निम्म्यावर आणण्याचा कायदा २०१५ मध्ये केला होता आणि २०२० मध्ये फेसेनहाइमच्या दोन भट्ट्या बंद केल्या होत्या. वेल्डर पक्का व्हायला जेवढी वर्षे लागतात, तेवढ्यात धोरण एकदा तरी फिरते. म्हणून करिअर निवडताना आजची टंचाई किती, यापेक्षा पुढची दहा-पंधरा वर्षे काम सलग मिळेल का, हा प्रश्न अधिक कामाचा असतो.

जैतापूरला फ्लामांव्हिलच्याच घराण्यातील, प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या प्रस्तावित आहेत, त्यामुळे हा विषय रत्नागिरीच्या आयटीआयपासून फार लांबचा नाही. पण आपल्याकडचे याहून चपखल उदाहरण माझगाव डॉकचे आहे. जर्मन आराखड्याच्या ‘शाल्की’ आणि ‘शंकुल’ या पाणबुड्या तिथे बांधल्या गेल्या आणि १९९२ व १९९४ मध्ये नौदलात आल्या. त्यांच्या पोलादी कवचाचे वेल्डिंग शिकायला माणसे जर्मनीला गेली होती. पुढे नव्या पाणबुडीचे काम आले नाही, शिकलेले हात पांगले, आणि २००५ मध्ये फ्रेंच स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार झाला तेव्हा बरेचसे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. २०१२ मध्ये अपेक्षित असलेली ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये दाखल झाली. उशिराची कारणे अनेक होती, त्यात या खंडाचाही वाटा होता. मालिकेतील सहावी पाणबुडी, ‘वागशीर’, जानेवारी २०२५ मध्ये नौदलात आली. ती बांधणारे वेल्डर आज उमेदीत आहेत आणि त्यांच्या हाताखाली तयार होऊ शकतील असे तरुण मुंबईत भरपूर आहेत. पुढचे कवच किती लवकर कारखान्यात उभे राहते, यावर त्या दोघांची गाठ पडणे अवलंबून आहे.