बोर, डाळिंब आणि 'वनशेती' या शब्दाचा घोळ

सोलापुरात बांधावर बोर, चिंच, सीताफळ होतंच की, त्याला कुणी 'वनशेती', म्हणजे एकाच रानात झाडं आणि पिकं सोबत घेणं, असं नाव दिलं नव्हतं इतकंच. 1972 च्या दुष्काळात शेळ्या बोरीच्या पाल्यावर जगल्या असं घरोघरी ऐकायला मिळतं, ते असो.

खरी उलथापालथ 1990 नंतरची. रोजगार हमीतून फळबागेला अनुदान मिळायला लागलं आणि माळावर बोरीच्या ओळी उभ्या राहिल्या. गावठी बोराचं बी जागेवरच लावायचं, मग त्यावर उमराण या बोराच्या कलमी जातीचा डोळा भरायचा, म्हणजे सोटमूळ तुटत नाही आणि झाड खोलवरचं पाणी ओढतं. उन्हाळ्यात बोर पानं टाकून गप्प बसते, तेव्हाच छाटणी, काटेरी फांद्या कुंपणाला. झाडं लहान असेपर्यंत मधल्या पट्ट्यात मटकी, हुलगा, तूर. हीच वनशेती की!

पण गोची इथंच आहे. वनशेती म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं साग, निलगिरी येतं, आणि 'वन' शब्द आला की झाड तोडायची परवानगी आठवते. ही भीती उगाच नाही, 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, फणस सगळे आहेत, म्हणजे बांधावरची म्हातारी चिंच स्वतःची असून तोडायची तर कागद आलेच. बोर, डाळिंब त्या यादीत नाहीत. आता 2014 च्या राष्ट्रीय धोरणाने वनशेतीला शेतीत धरलं खरं, पण तलाठ्याकडं, बँकेत शब्द चालतो तो 'फळबाग'च, आणि फळबाग म्हणजे सलग प्लॉट असंच सगळे धरून चालतात. बांधावरची पाच झाडं कुणाच्या हिशोबात येणार? माझ्या मते हा निव्वळ शब्दांचा वाद नाही, यानंच बांध उघडे पडले.

नंतर डाळिंब आलं आणि बोर मागं पडली. आधी गणेश, मग भगवा या जाती, ड्रीप, शेततळं, पैसा पण दणकून. मात्र सलग डाळिंब, खाली जमीन साफ, आंतरपीक बंद, वरून पानाफळांवर तेलकट डाग पाडणारा, पावसात फैलावणारा तेल्या रोग, त्यात मृग बहार धरणं, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलांवर फळ घेणं, हा तर जुगारच झाला. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.  सध्या सीताफळ परत लावतायत बरेच जण, शेळी त्याला तोंड लावत नाही हे त्यातलं मोठं कारण.