क्विबेक ओलांडलं की फ्रेंच संपते?

‘कॅनडात क्विबेकच्या बाहेर कुणी फ्रेंच बोलत नाही’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. फ्रेंच बहुसंख्य असलेला प्रांत तो एकच, त्यामुळे हा समज पटतोही. पण उत्तर ऑन्टॅरिओत महामार्ग 11 वरचं मॅटिस-व्हाल कोते पाहा. वस्ती हजाराच्याही आत, आणि बहुतेकांची मातृभाषा फ्रेंच. शेजारचं हर्स्टही तसंच. 2021 साली तिथली लोकसंख्या सुमारे 4,800 होती.

खात्री करायची तर कॅनडाच्या जनगणनेत गावाचा तक्ता उघडा, प्रांताचा नको. प्रांताच्या सरासरीत अशी गावं बुडून जातात. त्यात ‘मातृभाषा’ वाचा. ‘फ्रेंच येते’ हा रकाना वेगळा, त्यात मातृभाषा इंग्रजी असलेले पण फ्रेंचही बोलणारे लोकही येतात. भाषेचे आकडे पाचच्या पटीत दिलेले असतात, म्हणून बेरीज थोडी हुकते.