अधिजनुकीय खुणा व ऊतकनिहाय जनुकनियमन

डीएनएचा अक्षरक्रम न बदलता त्यावर, किंवा तो ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर, बसणाऱ्या रासायनिक खुणा. कोणत्या ऊतकात कोणते जनुक चालू राहावे, हे ठरण्यात त्यांचा वाटा असतो.

‘अधिजनुकीय’ (एपिजेनेटिक) ही संज्ञा ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांची (१९४२). ‘अधि’ या उपसर्गामुळे ‘जनुकांच्या वरचे’ असा अर्थ मनात येतो. वॉडिंग्टन यांच्यासमोर मात्र गर्भ टप्प्याटप्प्याने घडतो ही ॲरिस्टॉटलपासूनची ‘एपिजेनेसिस’ कल्पना होती. पेशींची स्मृती मेथिल खुणांत (डीएनएला जोडलेल्या, एक कार्बन व तीन हायड्रोजन अणूंच्या गटांत) असावी, हा आजचा अर्थ हॉलिडे व प्यू आणि रिग्ज यांनी १९७५ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या विचारातून रूढ झाला.

मानवी जनुकसंचात सायटोसिन या डीएनएच्या अक्षरामागोमाग ग्वानिन हे अक्षर येणाऱ्या सुमारे २.८ कोटी जागा आहेत. बहुतेक प्रौढ ऊतकांत त्यांतील ७०–८० टक्के मेथिलित असतात. मेथिल खूण जनुक बंद करते की बंद झालेल्यावर कुलूप घालते, याविषयी मतभेद आहेत. उंदराच्या मादीतील दोन एक्स गुणसूत्रांपैकी निष्क्रिय झालेल्या गुणसूत्रावरील एका जनुकावर ही खूण तो बंद पडल्यानंतर उमटते असे १९८७ मध्ये दिसले. त्यामुळे निदान तेथे तरी कुलपाचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

सर्वांत बोलके उदाहरण ग्लोबिनचे, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन ज्यांपासून बनते त्या प्रथिनांचे. गर्भाच्या हिमोग्लोबिनात गॅमा-ग्लोबिन असते, प्रौढाच्या हिमोग्लोबिनात त्याजागी बीटा-ग्लोबिन. गर्भाच्या यकृतातील रक्तनिर्मात्या पेशींत गॅमा-ग्लोबिन जनुकाजवळ मेथिल खुणा कमी, प्रौढाच्या अस्थिमज्जेत जास्त, हे व्हान डेर प्लोग व फ्लेव्हल यांनी १९८० मध्ये दाखवले. बडोद्याच्या मराठी वाचकाने हे दूरचे मानू नये. शहराच्या पूर्वेला छोटा उदेपूरकडील आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आजार आढळतो. रुग्णाच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली की विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी दिसतात. त्याच्याच गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यावर घेतलेल्या पेशींतही तोच बिघडलेला बीटा-ग्लोबिन जनुक असतो. पण तेथे तो मुका असतो. गर्भातले हिमोग्लोबिन प्रौढपणीही टिकले तर आजाराची तीव्रता कमी होते. बीसीएल११ए हे प्रथिन गॅमा-ग्लोबिन दाबून ठेवते. ते मेंदूत व बी-लसीका पेशींतही (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींत) लागते, म्हणून २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या क्रिस्पर (डीएनए नेमक्या जागी कापण्याचे तंत्र) उपचारात बीसीएल११ए जनुकाच्या प्रथिन घडवणाऱ्या भागाला हात न लावता, तांबड्या पेशींच्या घडणीतच त्याला चालना देणारा डीएनएचा तुकडा तोडतात.

चेतापेशींत मेथिल खुणा इतर अक्षरजोड्यांवरही आढळतात. २०१५ मध्ये १११ मानवी पेशी-ऊतकांचे अधिजनुकीय नकाशे एकत्र प्रसिद्ध झाले. मेंदूचे नमुने बहुधा मरणोत्तर मिळतात. रक्त सहज मिळते, म्हणून पुष्कळ अभ्यास रक्तावरच होतात. रक्तातील खूण पाहून मेंदूविषयी काढलेले अनुमान जपूनच घ्यावे.