कृष्णेचं पाणी आणि काळी पडणारी बाटली

सांगली जिल्ह्यातल्या पलूस, वाळवा भागात कृष्णेच्या काठच्या गावांतून हल्ली फिल्टर विकणारे फिरतात. टीडीएस मीटर पाण्यात बुडवायचं, आकडा दाखवायचा आणि पाणी खराब ठरवून मोकळं व्हायचं. काहीजण पाण्यात विजेच्या कांड्या सोडतात. पाणी तपकिरी झालं की बघणारे घाबरतात. पण तो गाळ पाण्यातला नसतोच. कांडीतलं लोखंड विजेमुळे सुटून गंजतं, त्याचा तो रंग. ही सरळसरळ दिशाभूल आहे.

टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. मीटर फक्त पाण्यातून वीज किती सहज वाहते ते बघतं, जंतू त्याला कळत नाहीत. पावसाळ्यात नदीतले क्षार पातळ होऊन आकडा खाली येतो. आणि उकिरड्यांचे, गोठ्यांचे, शौचालयांचे ओघळ नदीला येऊन मिळतात ते याच दिवसांत!

जंतूंसाठी वेगळी चाचणी आहे, तीही आपल्याच देशातली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांनी ती 1982 साली प्रसिद्ध केली. निर्जंतुक बाटलीत औषध भिनवलेल्या कागदाची घडी असते. त्यात पेप्टोन, म्हणजे जंतूंचं खाणं, शिवाय सोडियम थायोसल्फेट आणि लोहाचा एक क्षार. बाटली विसळायची नाही, औषध वाहून जातं. खुणेपर्यंत, साधारण 20 मिलिलिटर, पाणी भरून उबेला ठेवायचं.

माणसाच्या नि जनावरांच्या आतड्यांतले सिट्रोबॅक्टर, साल्मोनेला, क्लॉस्ट्रिडियम असे जंतू पाण्यात असले, तर ते वाढतात. बाटलीतला प्राणवायू संपत आला की ते आपले इलेक्ट्रॉन थायोसल्फेटला देऊ लागतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, कुजक्या अंड्याच्या वासाचा. मग कागदातल्या लोहाचं रूप बदलून फेरिकचं फेरस होतं, सल्फाइडशी त्याची जोडी जमते आणि काळंकुट्ट आयर्न सल्फाइड तयार होतं. डोळ्यांना न दिसणारे जंतू स्वतःची शाई स्वतःच बनवतात! मला या चाचणीचं सगळ्यात अप्रूप वाटतं ते इथेच. ज्याचं नाव सगळे घेतात तो ई. कोलाय सहसा हा वायू करत नाही. तरी चाचणी चालते, कारण विष्ठेतून तो एकटा कधी येत नाही. थायोसल्फेटचं आणखी एक काम म्हणजे टीसीएलमुळे (ब्लीचिंग पावडरमुळे) पाण्यात राहिलेला क्लोरीन ते निकामी करतं. नाहीतर तो बाटलीतही जंतू मारत बसला असता.

निकाल 24 ते 48 तासांत कळतो. पाणी भरल्या भरल्या काळं झालं, तर तो जंतूंचा पुरावा धरू नये. तळातल्या कुजक्या गाळाजवळच्या पाण्यात सल्फाइड आधीच असू शकतं. बाटली काळी पडली नाही म्हणून सगळं आलबेल, असंही नाही. उसाच्या रानातून उतरणारं नायट्रेट किंवा कीटकनाशक या कागदाला दिसत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवायला हवा.

बाटली काळी पडली, तर ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला लगेच कळवा. ती बाटली मात्र तशीच मोरीत रिकामी करू नका, त्यात आपण जंतू वाढवलेले आहेत. टीसीएलचं दाट पाणी ओतून ती अर्धा तास ठेवा, मगच टाका.