नळकांड्यापाशी सगळ्यात आधी पोचणारा माणूस

विजयदुर्गावर गेलं की 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि सांगतात, १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने इथूनच हेलियम शोधला. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. उत्साह चांगलाच, पण साल चुकतं. तेव्हा लॉकियर इंग्लंडात होता आणि सूर्यप्रकाशातली हेलियमची खूण असलेली पिवळी वर्णरेषा त्याने ऑक्टोबरात, ग्रहणाविनाच, तिथूनच टिपली. विजयदुर्गाला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. युद्धनौकेवरचे खलाशी हाताशी धरून त्याने उपकरणं मांडली, तालमी घेतल्या. एवढा खटाटोप कशासाठी, तर दोनेक मिनिटांच्या काळोखासाठी!

त्याच वर्षी एच. जी. वेल्सची, मंगळवासीयांच्या पृथ्वीवरच्या स्वारीची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी पुस्तकरूपात आली. साल जुळलं हा योगायोग, पण दोघांमधला धागा खरा आहे. वेल्स साउथ केन्सिंग्टनच्या ज्या विज्ञान-विद्यालयात शिकला, तिथे लॉकियर शिकवत असे. कादंबरीत मंगळावरच्या झगझगाटाची वार्ता इंग्रज वाचकांना २ ऑगस्टच्या 'नेचर' या विज्ञान-साप्ताहिकातून कळते. 'नेचर'चा संस्थापक-संपादक लॉकियरच, आणि २ ऑगस्ट १८९४ च्या अंकात मंगळावरच्या विचित्र उजेडाबद्दल खरोखरच टिपण आलं होतं.

परग्रहकथांतला जिज्ञासू शास्त्रज्ञ अशा हवेत जन्मला. वेल्सच्या कादंबरीतला खगोलशास्त्रज्ञ ओगिल्वी पडलेली उल्का शोधायला भल्या पहाटे माळावर जातो. उल्केऐवजी खड्ड्यात निघालेल्या नळकांड्याचं झाकण आतून फिरताना दिसतं, तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार येतो तो आतली माणसं होरपळत असतील हा. झाकण उघडायला तो धावतो; अंगावर येणारी धग त्याला थोपवते. पुढे पांढरं निशाण घेऊन जाणाऱ्यांत तो असतो आणि मंगळवासीयांच्या उष्णकिरण या अस्त्राच्या पहिल्या बळींतही. भाबडा खरा, पण वेल्स त्याची टर उडवत नाही.

अणुबाँबनंतर ही सहानुभूती आटली. १९५१ च्या 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' या चित्रपटातला शास्त्रज्ञ डॉ. कॅरिंग्टन माणसांसाठी ठेवलेला रक्तद्रव घालून परग्रहजीवाची रोपं वाढवतो. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवाव्यात त्या सैनिकांसाठी.

पारडं पुन्हा फिरवलं ते एका खऱ्या खगोलशास्त्रज्ञाने. फ्रेड हॉइलच्या 'द ब्लॅक क्लाउड'मध्ये (१९५७) सूर्याला वेढणारा ढगच बुद्धिमान निघतो आणि किंग्जली हा शास्त्रज्ञ त्याच्याशी बोलणं जुळवतो. ढगाचं ज्ञान डोक्यात घेताना तोही मरतो. ओगिल्वीला धगीने रोखलं होतं. किंग्जलीला रोखणारं काहीच नसतं.

हॉइल यांच्याकडे केंब्रिजला संशोधन केलेल्या जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावाने. आपली आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं.